ब्रीडआर: शेजारी ओळींची स्पर्धा मोजणारं पॅकेज, पण मूळ माप झाडांचं

एकओळी किंवा दोनओळी प्लॉटच्या वाण चाचणीत उंच, झपाट्याने पसरणारा वाण शेजारच्या बुटक्या वाणाचा उजेड आणि ओल खातो. तक्त्यात उंच वाण स्वतःच्या कुवतीपेक्षा वर दिसतो आणि बुटका खाली. दोघांतला फरक फुगतो, आनुवंशिकतेचा आकडा (एकूण फरकातला वाणामुळे आलेला वाटा) देखणा येतो, आणि तोच वाण सलग शेतात लावला की उत्पादन अपेक्षेइतकं येत नाही, कारण तिथे त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्यासारखेच दांडगे शेजारी असतात. संख्याशास्त्रज्ञ केम्प्टन यांनी वाण चाचण्यांतल्या या स्पर्धेसाठी दुरुस्तीची पद्धत १९८२ मध्येच मांडली. तरीही रोजच्या विश्लेषणात शेजाऱ्याचा हिशेब क्वचितच होतो, कारण हाताशी असलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये 'शेजारी' नावाची सोयच नसते.

ब्रीडआरमध्ये ती आहे. हे आर भाषेतलं मोफत पॅकेज. फाकुंदो मुन्योस आणि लिओपोल्दो सांचेझ यांनी ते ट्रीज-फॉर-फ्यूचर या युरोपीय प्रकल्पात वनवृक्षांच्या पैदाशीसाठी तयार केलं. हे मूळ लक्षात ठेवूनच ते वापरायला घ्यावं. त्याची बलस्थानं तिथूनच आली आहेत, आणि पिकांच्या प्लॉटमध्ये ते जिथे अडतं त्याचं कारणही तेच.

बसवण्यापासून सुरुवात करू. हे पॅकेज क्रॅनवर, म्हणजे आरच्या अधिकृत भांडारात, नाही, गिटहबवरून घ्यावं लागतं. आत गणित करणारं इंजिन ब्रीडआरचं स्वतःचं नाही. जॉर्जिया विद्यापीठातल्या इग्नासी मिश्टाल यांच्या गटाचे ब्लपएफ-९० कुटुंबातले प्रोग्राम ते पडद्याआड चालवतं. म्हणजे डाउनलोड दोन: एक पॅकेज, दुसरे ते प्रोग्राम. कार्यालयाच्या फायरवॉलमागे पॅकेज नीट बसतं आणि पहिलं मॉडेल चालवताना गाडी थांबते, त्याचं कारण बहुधा हे दुसरं डाउनलोड. प्रोग्राम वेगळे आणून एका फोल्डरमध्ये ठेवावेत आणि पॅकेजच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्यावा, की काम होतं. बियाणं कंपनीत वापरायचं असेल तर या प्रोग्रामच्या अटी आधी वाचाव्यात. पॅकेज मुक्त परवान्याचं आहे म्हणून इंजिनही तसंच असेल असं धरून चालू नये.

आता मुद्द्याचं. मुख्य फंक्शन एकच, रेमल-एफ-९०. त्याच्या 'जेनेटिक' भागात मॉडेल म्हणून 'कॉम्पिटिशन' निवडलं की प्रत्येक झाडाला दोन प्रजनन मूल्यं मिळतात. एक थेट, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वाढीवर परिणाम करणारं. दुसरं स्पर्धेचं, म्हणजे शेजाऱ्यांच्या वाढीवर परिणाम करणारं. दोन्ही मूल्यं एकत्र बसवली जातात आणि त्यांच्यातला सहसंबंधही डेटावरूनच काढला जातो. या पॅकेजचा खरा ऐवज हाच. थेट मूल्य आणि स्पर्धेचं मूल्य यांच्यात ठळक ऋण सहसंबंध निघाला, तर तुमची निवड शेजाऱ्याच्या तोंडचा घास काढणाऱ्या वाणांकडे झुकते आहे, हे सरळ आकड्यात दिसतं.

शेजारी कोण हे बुद्धिबळातल्या राजाच्या चालीवर ठरतं: आजूबाजूची आठ घरं. प्रत्येक शेजाऱ्याचं वजन अंतराच्या व्यस्त घातात. तो घात 'कॉम्पिटिशन-डिके' या पर्यायात द्यायचा. न दिल्यास १ धरला जातो. मग एका झाडाच्या सगळ्या शेजाऱ्यांच्या वजनांच्या वर्गांची बेरीज १ येईल अशी ती मोजली जातात. बेरीज नव्हे, वर्गांची बेरीज. हा तपशील न पाहता निकाल वाचला की चूक ठरलेली.

चौरस अंतरावरच्या लागवडीत घात १ असेल तर सरळ चार शेजाऱ्यांचं वजन प्रत्येकी ०.४१ आणि तिरक्या चारांचं ०.२९ येतं. सगळ्यांची मिळून बेरीज २.७९. सलग लागवडीत सगळे शेजारी एकाच वाणाचे असतात, म्हणून त्या वाणाचं सलग शेतातलं मूल्य म्हणजे थेट मूल्य अधिक २.७९ गुणिले स्पर्धेचं मूल्य. पॅकेज हा आकडा तयार करून देत नाही. ते दोन्ही मूल्यांचे स्तंभ देतं आणि थांबतं. थेट मूल्यावरच क्रमवारी लावून अहवाल पाठवला, तर मॉडेल बसवल्याचा अर्धा फायदा वाया जातो.

कडेच्या झाडांचाही पेच आहे. वर्गांची बेरीज प्रत्येक झाडासाठी १ ठेवायची म्हटल्यावर, शेजारी कमी तेवढं प्रत्येकाचं वजन जास्त. आतल्या झाडाला सरळ शेजाऱ्याचं वजन ०.४१, कडेच्या झाडाला ०.५०, कोपऱ्यातल्या झाडाला ०.६३. शेतात घडतं ते उलट. कोपऱ्यातल्या झाडाला तीनच शेजारी आणि दोन बाजूंनी मोकळा उजेड, म्हणजे त्याच्यावरचा ताण कमी. चाचणीभोवती गार्ड ओळी असतील आणि त्यांचीही मोजणी झाली असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर कडेची झाडं स्पर्धेच्या अंदाजातून वगळावीत, किंवा निदान 'कडा' हा स्थिर घटक मॉडेलमध्ये घालावा.

इथवर झाडांचं झालं. पिकांच्या प्लॉटमध्ये मात्र राजाची चाल बसत नाही. समजा प्लॉट १.५ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब आहे, आणि लांबीच्या टोकाला १ मीटरची मोकळी पट्टी. बाजूच्या प्लॉटचा मध्य १.५ मीटरवर येतो, टोकापलीकडच्या प्लॉटचा ७ मीटरवर. बाजूला ओळीला ओळ भिडलेली असते, टोकाला १ मीटर रिकामी जमीन. स्पर्धा जवळजवळ सगळी बाजूने होते.

इथली सर्वांत सोपी चूक म्हणजे कोऑर्डिनेट म्हणून रांग क्रमांक आणि स्तंभ क्रमांक देणं. तसं दिलं की दोन्ही दिशांचं अंतर १ होतं आणि टोकापलीकडचा प्लॉट बाजूच्या प्लॉटइतकाच त्रासदायक ठरतो. मीटर द्यावेत. पण मीटर देऊनही घात १ ठेवला तर बाजूच्या दोघांचं वजन प्रत्येकी ०.६६ येतं, म्हणजे मिळून १.३३, आणि उरलेल्या सहांचं मिळून ०.८४. पट्टीपलीकडच्या सहा प्लॉटना एवढं वजन देण्यात काहीच अर्थ नाही. घात २ केला की बाजूच्या प्रत्येकाला ०.७१, बाकी सहांना मिळून ०.१९. हे पटण्यासारखं आहे. तेव्हा लांबट प्लॉटसाठी घात १ वर सोडू नये. २ आणि ३ दोन्ही चालवून लॉग-लाइकलिहुड (मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप, जास्त तितकं चांगलं) पाहावं.

दुसरी अडचण अधिक खोलवरची आहे. वनवृक्षांत प्रत्येक झाड हा वेगळा जीव असतो, त्याची वंशावळ असते, आणि 'जेनेटिक' भाग त्या वंशावळीवर उभा आहे. वाण चाचणीत तोच वाण तीन-चार रेप्लिकेशनमध्ये (पुनरावृत्तींमध्ये) येतो आणि वंशावळ बहुतेक वेळा हाताशी नसते. अशा वेळी 'जेनेटिक' भाग सोडावा आणि 'जेनेरिक' भाग वापरावा. पिकांवर काम करणाऱ्यांसाठी पॅकेजमधली सर्वांत उपयोगी जागा तीच आहे, हे आमचं मत. तिथे आपली स्वतःची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, देता येते: कोणत्या निरीक्षणाशी कोणता परिणाम किती वजनाने जोडायचा, आणि त्या परिणामांचं कोव्हेरियन्स (एकमेकांसोबत बदलण्याचं माप) काय.

मांडणी अशी. पहिली मॅट्रिक्स थेट परिणामाची: प्लॉट जितके तितक्या ओळी, वाण जितके तितके स्तंभ, प्लॉटमध्ये जो वाण आहे तिथे १. दुसरी मॅट्रिक्स शेजाऱ्यांची: त्याच ओळी, तेच स्तंभ, पण प्लॉटच्या डाव्या आणि उजव्या बाजूला जे वाण आहेत तिथे प्रत्येकी १. दोन्हीकडे एकच वाण असेल तर तिथे २. इथे वजनं आपल्या हातात असल्याने हिशेब साधा राहतो: सलग शेतातलं मूल्य म्हणजे थेट अधिक दोनदा स्पर्धेचं. एखाद्या वाणाचं थेट मूल्य प्लॉटला ६०० ग्रॅम जास्त आणि स्पर्धेचं मूल्य ४०० ग्रॅम उणे असेल, तर सलग शेतात तो सरासरीपेक्षा २०० ग्रॅम खाली जातो. थेट मूल्य २०० ग्रॅम आणि स्पर्धा शून्य असलेला वाण त्याच्या पुढे निघतो.

शेजाऱ्यांची मॅट्रिक्स भरताना घाई केली की सगळं बिघडतं. गार्ड ओळीत जो वाण पेरला असेल त्याचाही स्तंभ घ्यावा. त्याचं उत्पादन मोजलं नसलं तरी तो शेजाऱ्याला दाबतोच. मोकळ्या कडेला ० येईल, पण मोकळी बाजू म्हणजे 'सरासरी शेजारी' नव्हे, म्हणून 'किती बाजू मोकळ्या' हा ०, १, २ असा स्थिर घटक वेगळा घालावा. उगवण न झालेला प्लॉट हा दोन्ही शेजाऱ्यांसाठी मोकळी बाजूच. उगवण अर्धवट असेल तर १ च्या जागी उभ्या रोपांचं प्रमाण, जसं ०.६, लिहिता येतं. नागमोडी पेरणी झाली असेल तर प्लॉट क्रमांकावरून शेजारी ठरवू नयेत. एका रांगेत २० प्लॉट असतील तर क्रमांक २० आणि २१ शेजारी नसून शेताच्या एकाच टोकाला पट्टीच्या अलीकडे-पलीकडे असतात. शेजारी नेहमी नकाशावरून घ्यावेत.

'जेनेरिक' भागाची मर्यादा अशी की तिथे दिलेले दोन परिणाम एकमेकांपासून स्वतंत्र धरले जातात. थेट आणि स्पर्धा यांच्यातला सहसंबंध, जो मुळात हवा होता, तोच गायब. यावर वाट आहे, जरा आडवळणाची. दोन्ही मॅट्रिक्स शेजारी जोडून एकच रुंद मॅट्रिक्स करायची आणि एकच परिणाम म्हणून द्यायची. कोव्हेरियन्स मॅट्रिक्समध्ये थेट भागाला १, स्पर्धेच्या भागाला एक ठरावीक गुणोत्तर आणि दोघांमध्ये एक ठरावीक सहसंबंध लिहायचा. मग गुणोत्तर ०.०५ ते ०.५ आणि सहसंबंध उणे ०.९ ते अधिक ०.५ अशा जाळीवर मॉडेल पुन्हा पुन्हा चालवून लॉग-लाइकलिहुड कुठे सर्वाधिक येतं ते शोधायचं. सहसंबंध अगदी उणे १ ठेवू नये, मॅट्रिक्स उलटवता येत नाही. काही शे प्लॉटच्या चाचणीला हे काम संगणकासाठी जड नाही, पण लूप स्वतः लिहावा लागतो. आर येत नसलेल्याने इथून परत फिरावं.

जमिनीच्या चढउताराचा हिशेब वेगळ्या 'स्पेशियल' (जागेनुसारच्या) भागात आहे: ब्लॉक, स्प्लाइन (गुळगुळीत वक्र) किंवा ऑटोरिग्रेसिव्ह (जवळच्या प्लॉटमध्ये सहसंबंध धरणारा). तो स्पर्धेसोबत एकाच मॉडेलमध्ये घेता येतो आणि घ्यायलाच हवा. जमीन शेजारच्या प्लॉटना सारखं करते, स्पर्धा त्यांना विरुद्ध टोकांना ढकलते. एक धन सहसंबंध निर्माण करते, दुसरी ऋण. दोन्ही एकत्र असले की अवशेषांत, म्हणजे मॉडेलनंतर उरलेल्या फरकात, शेजारी सहसंबंध शून्याजवळ दिसतो आणि 'स्पर्धा नाही, जमीनही एकसारखी' असा दुहेरी गैरसमज होतो. ऑटोरिग्रेसिव्ह पर्यायात दोन्ही दिशांचे सहसंबंध न सांगितल्यास पॅकेज काही ठरावीक जोड्या चालवून त्यातली सर्वांत चांगली निवडतं. ही जाळी फार विरळ आहे. निवडलेल्या जोडीच्या आसपास ०.१ च्या अंतराने दुसरी जाळी आपण द्यावी. ओळींना आडव्या दिशेने ऋण सहसंबंध निवडला गेला, तर ती जमिनीची गोष्ट नव्हे. स्पर्धेचा भाग मॉडेलबाहेर राहिला आहे. बारीक प्लॉटमध्ये स्प्लाइन जास्त सोयीचा वाटतो, कारण तो एका प्लॉटला वर आणि पुढच्याला खाली असं वळू शकत नाही. त्यामुळे स्पर्धेचा हिस्सा जमिनीच्या खात्यात जात नाही.

मॉडेल जुळलं की नाही हे तपासण्यात वेळ घालवावा. 'एआय' पद्धत (अ‍ॅव्हरेज इन्फर्मेशन, कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे) जलद आहे आणि व्हेरियन्सच्या, म्हणजे परिणामांच्या विखुरणीच्या मापाच्या, प्रमाण त्रुटी देते. पण स्पर्धेचा व्हेरियन्स शून्याला टेकला की ती भरकटते किंवा अर्धवट थांबते. तेव्हा 'ईएम' (एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन) ही दुसरी पद्धत चालवावी. ती रेंगाळते, प्रमाण त्रुटी देत नाही, पण कुठेतरी पोहोचते. तिचे आकडे 'एआय'ला सुरुवातीचे म्हणून देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. व्हेरियन्स शून्याच्या भिंतीला टेकलेला असताना लाइकलिहुड गुणोत्तराची नेहमीची काय-वर्ग कसोटी जशीच्या तशी लागू होत नाही. एकट्या व्हेरियन्ससाठी पी-मूल्य निम्मं करणं ही रूढ पद्धत आहे.

आता सॉफ्टवेअरच्या हाती नसलेली गोष्ट. ३ रेप्लिकेशनच्या चाचणीत प्रत्येक वाणाला बाजूचे शेजारी मिळतात फार तर ६. त्या वाणाचं स्पर्धेचं मूल्य एवढ्याच प्लॉटवरून काढायचं असतं. साहजिकच बहुतेक वाणांची मूल्यं शून्याकडे ओढली जातात आणि क्रमवारी फारशी हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक रेप्लिकेशनमध्ये वाण त्याच क्रमाने पेरलेले असणं. मग तोच शेजारी दर वेळी येतो, आणि थेट परिणाम कोणता, शेजाऱ्याचा कोणता, हे कोणतंही मॉडेल सांगू शकत नाही. मॉडेल चालवण्याआधी वाण आणि शेजारी यांचा तक्ता काढून पाहावा. एकच जोडी पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढचे कष्ट घेऊ नयेत.

रेप्लिकेशन कमी असतील तर प्रत्येक वाणाला स्पर्धेचं मूल्य देण्यापेक्षा एकच उतार बसवलेला बरा: शेजाऱ्यांची सरासरी उंची वजा स्वतःची उंची, हा स्थिर घटक. हा घटक ब्रीडआरच्या साध्या सूत्रात बसतो, त्यासाठी मॅट्रिक्सची गरज नाही. उंची पीक वाढल्यावर मोजलेली असली तर तिच्यातही स्पर्धेचा अंश असतो, म्हणून शक्य असेल तिथे वाणाची ओळखीची उंची, म्हणजे रुंद प्लॉटच्या चाचणीतली, वापरावी. शेजाऱ्याचं उत्पादनच सहघटक म्हणून घालण्याचा मोह टाळावा. ते उत्पादन आपल्या प्लॉटने दाबलेलं असतं, म्हणजे कारण आणि परिणाम दोन्ही बाजूंना येतात आणि साध्या रिग्रेशनचा उतार चुकीचा निघतो.

आणि अर्थात, ४ ओळींचा प्लॉट पेरून मधल्या २ ओळींचंच उत्पादन घेणं हा कोणत्याही मॉडेलपेक्षा भक्कम उपाय आहे. ग्रॉस प्लॉट आणि नेट प्लॉट यांतला फरक त्यासाठीच असतो. बियाणं मूठभर असलेल्या सुरुवातीच्या पिढ्यांत ते परवडत नाही. ब्रीडआरची जागा तिथे आहे, किंवा आधीच होऊन गेलेल्या एकओळी चाचण्यांचा डेटा पुन्हा तपासताना. प्रगत चाचणीत ५ ओळींचे प्लॉट असताना हे सगळं करत बसण्यात हशील नाही.

पर्याय म्हणून दोन नावं घ्यावी लागतात. स्पॅट्स हे आर पॅकेज जमिनीच्या चढउतारासाठी उत्तम आहे, क्रॅनवर आहे, जलद आहे, पण शेजारी वाणाचा परिणाम त्याच्या कक्षेत नाही. एएसरेमल विकत घ्यावं लागतं. त्यात मात्र वाणाचा थेट परिणाम, शेजाऱ्याचा परिणाम आणि दोघांतला सहसंबंध एकाच मॉडेलमध्ये थेट बसतो. जाळीचा खटाटोप करावा लागत नाही. ज्या संस्थेकडे एएसरेमलचा परवाना आधीच आहे तिने पिकांच्या प्लॉटसाठी ब्रीडआरकडे वळायचं कारण नाही. फळझाडं, बांबू, वनवृक्ष, म्हणजे जिथे प्रत्येक झाडाची मोजणी आणि वंशावळ दोन्ही आहेत, तिथे ब्रीडआर अधिक सुटसुटीत पडतं.

मदतीची पानं चांगली आहेत, पण खऱ्या डेटाची उदाहरणं सगळी निलगिरी, लार्च, डग्लस फर यांची. ओळीतल्या पिकाचं एकही नाही. त्याऐवजी खोटा डेटा तयार करण्याची सोय पॅकेजमध्ये आहे आणि ती वापरावी. 'जेनेरिक'चा मार्ग घेणार असाल तर स्वतःच्या शेताच्या नकाशावर, स्वतःच्या रँडमायझेशनवर, ठरवून दिलेल्या स्पर्धेच्या मूल्यांसह १०० वेळा खोटं उत्पादन तयार करावं आणि मॉडेल ती मूल्यं परत शोधून काढतं का ते बघावं. थेट आणि स्पर्धा यांचा सहसंबंध उणे ०.६ दिलेला असताना अंदाज उणे ०.९ पासून अधिक ०.४ पर्यंत विखुरले, तर त्या मांडणीत स्पर्धेचं मूल्य वाणनिहाय छापू नये. उंचीच्या फरकाचा एक उतार आणि त्याची प्रमाण त्रुटी एवढंच अहवालात द्यावं.